जंगलाच्या वेशीवर कुत्रा-मांजर पाळताना : येऊर ते आरे परिसरातील रहिवाशांसाठी सविस्तर मार्गदर्शन

संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे क्षेत्रफळ सुमारे १०४ चौरस किलोमीटर आहे आणि बोरिवली, गोरेगाव, मुलुंड, ठाणे व घोडबंदर रस्त्यावरील वसाहती त्याच्या कुंपणाला अक्षरशः खेटून उभ्या आहेत. २०१५ साली स्वयंचलित कॅमेऱ्यांच्या साहाय्याने झालेल्या गणनेत या जंगलात आणि त्याला लागून असलेल्या गोरेगावच्या आरे परिसरात ३५ बिबटे आढळले होते. पुढच्या गणनांमध्ये हा आकडा ५० च्या पुढे गेला. या भागात राहायला येणारी माणसे सोबत कुत्री, मांजरे आणि पिंजऱ्यातले पक्षीही आणतात. बिबटे आणि हे पाळीव प्राणी एकमेकांना कसे भिडतात याचा विचार मात्र बहुतेकदा एखादा अपघात झाल्यावरच होतो.

आमच्या संकुलात तो अपघात एका पावसाळी रात्री झाला. मागच्या फाटकापाशी, राखणीला म्हणून, एक तांबूस रंगाचा देशी कुत्रा रोज रात्री साखळीने बांधला जात असे. सकाळी साखळी जागेवर होती, तुटलेला गळपट्टा चिखलात पडला होता आणि भिंतीच्या कडेने ठसे उमटले होते. त्यानंतरच्या सभेत बिबट्याला पकडण्यासाठी पिंजरा लावण्याची मागणी तासभर चालली. कुत्रा तिथे का बांधला होता, हा प्रश्न कोणी विचारला नाही. मीही विचारला नाही, आणि त्याची खंत मला आजही आहे. पुढे जे लिहिले आहे ते त्या प्रश्नापासून सुरू होते, कारण बिबट्याने कुठे फिरावे हे आपल्या हातात नसले, तरी आपला कुत्रा रात्री कुठे झोपतो, काय खातो आणि त्याला कोणत्या लसी दिल्या आहेत, हे पूर्णपणे आपल्या हातात आहे.

आधी परिसर पाहून घ्यावा

प्राणी घरी आणण्यापूर्वी, किंवा आधीच आणला असेल तर या आठवड्यातच, आपल्या इमारतीभोवती दोन फेऱ्या माराव्यात : एक दिवसा आणि एक अंधार पडल्यानंतर, दोघा-तिघांनी मिळून, विजेरी घेऊन. कुंपणाची भिंत कुठे खचली आहे, कोणत्या झाडाच्या फांद्या भिंतीवरून आत आल्या आहेत, पावसाळी नाला संकुलात कुठून शिरतो, गवत कुठे कमरेएवढे वाढले आहे, कोणता दिवा महिनोन्‌महिने बंद आहे, कचऱ्याचे डबे कुठे उघडे राहतात आणि मोकाट कुत्री रात्री कुठे जमतात, हे सर्व एका कागदावर उतरवावे. बिबट्या शक्यतो आडोशाने, नाल्यातून किंवा भिंतीच्या सावलीतून चालतो. त्यामुळे हा कागद म्हणजे त्याच्या संभाव्य वाटांचाच नकाशा असतो.

ओल्या मातीत ठसे दिसले तर घाबरून न जाता ते नीट पाहावेत. कुत्र्याच्या ठशात नखांच्या खुणा बहुधा दिसतात. बिबट्या चालताना नखे आत ओढून घेतो, म्हणून त्याच्या ठशात त्या दिसत नाहीत. बिबट्याचा ठसा अधिक गोलसर असतो आणि तळव्याच्या मागच्या कडेला तीन उंचवटे उमटतात. छायाचित्र घेताना शेजारी काडेपेटी किंवा पट्टी ठेवावी, म्हणजे वनकर्मचाऱ्यांना आकाराचा अंदाज येतो.

काय पाळावे आणि काय पाळू नये

जंगलालगत कुत्रा पाळण्यास काहीच हरकत नाही. मात्र त्याला रात्री घरात ठेवण्याइतकी जागा आणि दिवसातून दोन वेळा उजेडात फिरवण्याइतका वेळ घरातल्या कोणाकडे तरी असला पाहिजे. या दोन्हीपैकी एक जरी जमणार नसेल, तर कुत्रा न आणणे हीच त्याच्यावरची दया ठरेल. राखणीसाठी कुत्रा हवा, ही कल्पना या परिसरात सोडून दिलेली बरी, कारण बिबट्याच्या दृष्टीने कुत्रा हे आवडते आणि सोपे भक्ष्य आहे. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यातील उसाच्या पट्ट्यात बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला, तेव्हा बिबट्यांच्या आहारातील सुमारे ३९ टक्के वाटा, वजनाच्या हिशेबाने, पाळीव व मोकाट कुत्र्यांचा असल्याचे आढळले. म्हणजे फाटकापाशी बांधलेला कुत्रा पहारा देत नसतो. तो बिबट्याला आमंत्रण देत असतो.

कुत्रा आणल्यावर महापालिकेचा परवाना काढावा आणि त्याचे दरवर्षी नूतनीकरण करावे. परवान्यासाठी रेबीज लसीकरणाचे प्रमाणपत्र लागते, त्यामुळे लस चुकत नाही, हा त्याचा मोठा फायदा आहे.

पोपटाबाबत मात्र स्पष्टच सांगितले पाहिजे. आजीच्या घरी पिंजऱ्यात मिठू होता ही आठवण कितीही गोड असली, तरी आपल्याकडचा हिरवा पोपट, मुनिया, मैना आणि पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेले कासव हे सर्व वन्यजीव आहेत आणि वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार ते घरात बाळगणे गुन्हा आहे. बाजारात मिळतात म्हणजे चालत असावे, हा समज चुकीचा आहे. ते पिल्लू कोणत्या तरी ढोलीतून ओढून काढलेले असते. काचेच्या पेटीत विकली जाणारी, कानामागे लाल पट्टा असलेली परदेशी कासवे लहानपणी रुपयाएवढी दिसतात, पण पुढे ताटाएवढी होतात आणि मग लोक ती तलावात सोडून देतात. तलावात ती स्थानिक कासवांचे अन्न व जागा बळकावतात. काचेच्या पेटीत पाळलेला सकर मासाही मोठा झाला की असाच सोडला जातो. पेटीतला कोणताही प्राणी तलावात, विहिरीत किंवा नाल्यात सोडणे ही त्या पाण्यातल्या जिवांची हानी आहे, हे घरातल्या मुलांना आवर्जून समजावून सांगावे.

रात्रीची व्यवस्था : सर्वांत महत्त्वाचे काम

सूर्यास्तापासून पूर्ण उजाडेपर्यंत कुत्रा आणि मांजर घरात, बंद दाराआड असले पाहिजेत. व्हरांडा, जिन्याखालची जागा, तळमजल्यावरच्या गॅलरीची पायरी, वाहनतळ किंवा गच्ची म्हणजे घर नव्हे. बंगल्यांच्या उघड्या पडव्यांमधून आणि इमारतींच्या वाहनतळांमधून कुत्री उचलली गेल्याचे प्रसंग या भागात अनेकांनी पाहिले आहेत.

बांधून ठेवलेल्या कुत्र्याची अवस्था सर्वांत वाईट असते, कारण तो पळू शकत नाही आणि लढूही शकत नाही, आणि त्याचे भुंकणे दूरवर ऐकू जाते. बंगल्यात किंवा पाड्यावर राहणाऱ्या ज्या कुटुंबांना कुत्रा घरात घेणे शक्य नाही, त्यांनी त्याच्यासाठी चारही बाजूंनी आणि वरूनही बंद असे पक्के खुराडे बांधावे. जाळी लोखंडी आणि जाड असावी. कोंबड्यांसाठी वापरतात ती बारीक तारेची जाळी पंजाच्या एका फटक्यात फाटते. छप्पर पत्र्याचे असेल तर ते सांगाड्याला बोल्टने आवळलेले असावे, नुसते दगड ठेवून दाबलेले नसावे. दाराला कडी आणि कडीला कुलूप किंवा खिट्टी हवी. जाळीच्या आतून निदान दोन बाजूंना फळ्या ठोकल्या, तर कुत्र्याला बाहेरचा प्राणी सतत दिसत नाही आणि तो जाळीला चिकटून झोपत नाही. शेळ्या आणि कोंबड्यांसाठीही हेच तत्त्व लागू आहे. सात-आठ फुटांची भिंत बिबट्या सहज ओलांडतो, म्हणून केवळ उंच कुंपण घालून छप्पर उघडे ठेवण्यात अर्थ नाही.

कुत्र्याला रात्री लघवीसाठी बाहेर न्यावेच लागत असेल, तर जेवणाची वेळ अलीकडे आणावी. संध्याकाळी साडेपाच-सहाच्या सुमारास जेवण, त्यानंतर दिवसाउजेडी फेरी आणि झोपण्याआधी पाणी बेताचे, असा क्रम दोन-तीन आठवडे नेटाने पाळला की बहुतेक निरोगी, वाढलेली कुत्री सकाळपर्यंत थांबायला शिकतात. पिल्लांना आणि म्हाताऱ्या कुत्र्यांना ते जमत नाही. त्यांच्यासाठी न्हाणीघरात किंवा बंद गॅलरीत कागद अथवा कृत्रिम गवताचा तुकडा ठेवावा.

फिरवताना

पहाटे पाच वाजता आणि रात्री अकरा वाजता फिरवणे नोकरदारांना सोयीचे वाटते, पण नेमक्या याच वेळा बिबट्याच्याही फिरण्याच्या असतात. पूर्ण उजाडल्यावर आणि सूर्यास्तापूर्वी फिरवावे. दोरी पाच-सहा फुटांची, मजबूत असावी. बटण दाबले की लांब सुटणारी दोरी येथे उपयोगाची नाही, कारण कुत्रा पंधरा फूट पुढे गवतात शिरल्यावर आपण काहीही करू शकत नाही. उद्यानाच्या ठाण्याकडील बाजूच्या येऊरच्या रस्त्यांवर आणि आरेतील कुरणांवर कुत्र्यांना मोकळे सोडण्याची पद्धत बंद झाली पाहिजे. मोकळा कुत्रा भेकराच्या पाडसामागे धावतो, घोरपडीला घेरतो, जमिनीवर घरटे करणाऱ्या टिटवीची अंडी तुडवतो आणि कधीकधी स्वतःच भक्ष्य होतो. राष्ट्रीय उद्यानाच्या आत पाळीव प्राणी नेण्यास मनाईच आहे.

बिबट्या समोर आलाच, तर जागीच थांबावे. पाठ फिरवू नये, धावू नये आणि खाली बसू नये; उकिडवा बसलेला किंवा वाकलेला माणूस त्याला लहान जनावरासारखा दिसतो. दोरी हळूहळू हाताला गुंडाळून कुत्रा पायाशी आणावा, दुसरा हात वर करावा, मोठ्या आवाजात बोलत राहावे आणि एकेक पाऊल मागे घ्यावे. सोबत मूल असेल तर आधी मुलाला उचलावे किंवा मोठ्या माणसांच्या मध्ये घ्यावे. बिबट्याला निघून जायला वाट मोकळी ठेवावी. त्याच्या वाटेत उभे राहून चित्रफीत काढणारा माणूस स्वतःबरोबर इतरांनाही धोक्यात घालतो.

लसी, जंत आणि निर्बीजीकरण

लसीकरण हा आपल्या प्राण्यापुरता विषय वाटतो, परंतु जंगलाच्या वेशीवर तो तसा राहत नाही. कुत्र्यांमध्ये आढळणारा डिस्टेंपर हा विषाणूजन्य रोग मोठ्या मार्जारकुळातील प्राण्यांनाही होतो. २०१८ साली गीरच्या जंगलात वीसहून अधिक सिंह दगावले, तेव्हा त्यांच्यापैकी काहींमध्ये हाच विषाणू सापडला होता. बिबट्या कुत्री खातो, म्हणजे आपल्या वस्तीतल्या कुत्र्यांचे आरोग्य थेट त्याच्या पोटात जाते.

पिल्लाला सहा ते आठ आठवड्यांचे असताना डिस्टेंपर व पार्व्होवरील पहिली लस द्यावी, पुढच्या मात्रा तीन-चार आठवड्यांच्या अंतराने, साधारण चार महिन्यांचे होईपर्यंत द्याव्यात. रेबीजची लस तीन महिन्यांच्या सुमारास आणि त्यानंतर पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणे, सर्वसाधारणपणे दरवर्षी द्यावी. मांजरांना त्यांची वेगळी संयुक्त लस आणि रेबीजची लस लागते. मांजर घराबाहेर जात नाही म्हणून रेबीजची लस टाळू नये. उंदरांच्या मूत्रातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस मुंबई-ठाण्याच्या पावसाळ्यात कुत्र्यांनाही होतो आणि त्यांच्यापासून माणसांना होऊ शकतो, म्हणून त्या लसीची मात्रा मे महिन्यातच पूर्ण करून घ्यावी. जंतनाशक साधारणतः दर तीन महिन्यांनी द्यावे. गोचिडांसाठी गळ्यात पट्टा, गोळी किंवा मानेवर टाकायचे औषध यांपैकी काय द्यायचे हे पशुवैद्यांना विचारून ठरवावे. कुत्र्यांसाठीचे काही गोचीडनाशक मांजरांना विषारी असते, त्यामुळे एकाचे औषध दुसऱ्याला कधीही लावू नये.

निर्बीजीकरणाबद्दल घराघरांत संकोच असतो, तो समजण्यासारखा आहे. परंतु माजावर आलेल्या मादीमागे जमणारी मोकाट कुत्र्यांची टोळी आणि तिच्या वासाने रात्री घरातून निसटणारा नर या दोन्ही गोष्टी जंगलालगत जीवघेण्या ठरतात. शस्त्रक्रियेचे वय प्राण्याच्या जातीनुसार बदलते. सहा महिन्यांच्या सुमारास पशुवैद्यांशी बोलावे.

कुत्रा, मांजर, माकड, मुंगूस किंवा अन्य कोणताही सस्तन प्राणी चावला वा त्याने ओरबाडले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने निदान पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रुग्णालयात जावे. हळद, मिरची, चुना यांपैकी काहीही लावू नये. लक्षणे दिसू लागल्यावर रेबीजवर उपाय नाही. वेळेवर घेतलेली लस आणि खोल जखमेत दिले जाणारे इम्युनोग्लोब्युलिन (रेबीजविरोधी तयार प्रतिपिंडे) हेच त्यापासून वाचवतात. आपल्या कुत्र्याची रानटी प्राण्याशी झटापट झाली असेल, तर जखम दिसो वा न दिसो, त्यालाही पशुवैद्यांकडे न्यावे.

कचरा आणि मोकाट कुत्री

ओला कचरा उघडा राहिला की उंदीर, डुकरे आणि कुत्री येतात, आणि त्यांच्यामागे बिबट्या येतो. ही साखळी तोडण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे घट्ट झाकणाचे डबे आणि रात्रीऐवजी सकाळी कचरा बाहेर ठेवण्याची शिस्त. संकुलात मांस-मासळीचा कचरा वेगळ्या पिशवीत बांधून थेट गाडीत द्यावा. आपल्या प्राण्याचे जेवणाचे भांडे खाऊन झाल्यावर लगेच उचलावे. कुत्र्याची विष्ठा उचलून कचऱ्यात टाकावी. पावसात ती वाहत नाल्यात आणि नाल्यातून पाणवठ्यात जाते.

उंदीर मारण्यासाठी विषारी गोळ्या टाकण्यापूर्वी मात्र थांबावे. विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, तो मंदावतो, आणि असा उंदीर गव्हाणी घुबड, धामण किंवा आपलीच मांजर सहज पकडते. पिंजरे लावणे आणि बिळे, पाइपांभोवतीच्या फटी बुजवणे यांनी काम अधिक काळ टिकते. एक गव्हाणी घुबडाची जोडी पिल्लांना वाढवताना जेवढे उंदीर मारते, तेवढे आपल्या गोळ्यांनीही मरत नाहीत, असे मला तरी वाटते.

मोकाट कुत्र्यांना खाऊ घालणारी माणसे दयाळू असतात आणि त्यांच्याशी भांडून काही साध्य होत नाही. त्यांच्यासोबत बसून ठिकाण व वेळ ठरवावी. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी हे ठिकाण ठरवण्याची जबाबदारी रहिवासी संघटनेवर टाकलेली आहे. ते ठिकाण मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून आणि फाटकापासून दूर असावे; आपल्या परिसरासाठी मी त्यात आणखी एक अट घालीन, की ते जंगलाच्या भिंतीपासूनही दूर असावे आणि खाणे दिवसाउजेडीच घालावे. उरलेले अन्न अर्ध्या तासात उचलावे. निर्बीजीकरण व लसीकरण झालेल्या कुत्र्याच्या कानाला छोटी खाच दिलेली असते. तशी खाच नसलेल्या कुत्र्यांची यादी करून महापालिकेच्या पशुवैद्यकीय विभागाला लेखी कळवावे आणि त्याचा पाठपुरावा करावा.

मांजर आणि पक्षी

पोट भरलेले मांजरही शिकार करते, कारण भूक आणि झडप या तिच्यातल्या दोन वेगळ्या प्रेरणा आहेत. शिंपी, शिंजीर, बुलबुल यांची घरटी कुंडीतल्या आणि कुंपणाच्या झुडपांत हाताच्या उंचीवर असतात. गॅलरीला आणि खिडक्यांना जाळी बसवावी, त्यामुळे मांजर पडण्याचा धोकाही टळतो. आत चढायला फळ्या, नखे घासायला काथ्या गुंडाळलेला खांब आणि दिवसातून दोनदा दहा-पंधरा मिनिटांचा खेळ एवढ्यावर मांजर घरात सुखाने राहते. उन्हाळ्यात जमिनीवर बसलेले, पिसे फुटलेले पिल्लू दिसले तर ते बहुधा उडायला शिकत असते. कुत्र्या-मांजरांना दूर न्यावे, पिल्लाला जवळच्या फांदीवर ठेवावे आणि लांबून पाहावे. पालक पक्षी येतात.

रानटी प्राणी आत आला तर

साप दिसला तर आधी कुत्र्याला खोलीत बंद करावे, नंतर सापावर लांबून नजर ठेवून वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार विषारी साप मुलांनाही ओळखता यायला हवेत, पण ओळख पटली म्हणून हात लावू नये. कुत्र्याला साप चावला तर आवळून बांधणे किंवा कापणे यात वेळ न घालवता त्याला उचलून पशुवैद्यांकडे न्यावे. कोणत्या पशुवैद्यांकडे प्रतिविष असते, याची चौकशी पावसाळ्यापूर्वीच करून तो पत्ता दारामागे लावून ठेवावा.

बिबट्या संकुलात दिसला, तर सर्वांनी घरात जावे, दिवे लावावेत, फाटकाची त्याच्या परतीची बाजू मोकळी ठेवावी आणि १९२६ वर कळवावे. गर्दीने घेरलेला बिबट्या हल्ला करण्याची शक्यता अधिक असते. केवळ दिसला म्हणून पिंजरा लावण्याचा आग्रह धरू नये. जुन्नर परिसरात २००१ ते २००३ या काळात बिबटे पकडून इतरत्र सोडले गेले, तेव्हा माणसांवरील हल्ले वर्षाला सरासरी ४ वरून १७ वर गेल्याचे अत्रेय यांच्या अभ्यासात दिसून आले. आरेतील वारली पाड्यांवर वाघोबाची पूजा होते आणि ती माणसे पिढ्यान्‌पिढ्या याच वाटांवर बिबट्यासोबत राहिली आहेत. संध्याकाळी मुले घरात आणि जनावरे गोठ्यात, हा त्यांचा नेम आपणही उचलण्यासारखा आहे.

सांभाळणे अशक्य झाले तर

बदली, आजारपण किंवा घरातील मतभेद यांमुळे कधी प्राणी ठेवणे खरोखरच अशक्य होते. अशा वेळी त्याला आरेत किंवा येऊरच्या रस्त्यावर सोडणारी गाडी आम्ही अनेकदा पाहिली आहे. घरात वाढलेल्या कुत्र्याला अन्न शोधता येत नाही, स्थानिक कुत्री त्याला हुसकावतात आणि तो काही दिवस सोडलेल्या जागेवरच बसून राहतो. शिवाय असे सोडणे प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० खाली गुन्हाही आहे. निदान दोन महिने आधीपासून ओळखीत, पशुवैद्यांच्या दवाखान्यात आणि प्राणिसेवी संस्थांकडे विचारणा सुरू करावी. नव्या घरी एकदा स्वतः जाऊन तो रात्री कुठे झोपणार आहे ती जागा पाहावी, आणि सोपवताना लसीकरणाचे पुस्तक, परवाना, त्याचे अंथरूण आणि तो काय खातो, कशाला घाबरतो, कोणत्या हाकेला येतो, हे लिहिलेला कागद सोबत द्यावा.